बालाजीची झोप

४ नोव्हेंबर, मंगळवार
"राखणदारानं दुसऱ्या राखणदाराची झोप सांगू न्हाई." नऊ वर्षांची असेन. वडील, आबा, तेव्हा कंपनीत रात्रीचे वॉचमन. सकाळी गेटवर त्यांना चहा द्यायला गेले, तर त्यांचा जोडीदार वॉचमन खुर्चीत घोरत होता. घरी येऊन आईला हसत सांगितलं. त्यावर आबा एवढंच बोलले होते.
आज सोसायटीच्या सेक्रेटरींनी कॅमेऱ्यातलं दाखवलं. पहाटेचे तीन. आमचे आबा, वय त्र्याहत्तर, कानटोपी, हातात वॉचमनचं राउंडचं मशीन. प्रत्येक जिन्यापाशी थांबून भिंतीवरच्या चकतीला टेकवतायत. फेरी नोंदली जातेय. वॉचमन बालाजी केबिनमध्ये आडवा.
"मॅडम, म्हाताऱ्या माणसाला राबवतोय तो. रविवारी मीटिंग, सोमवारपासून त्याचं काम बंद."


५ नोव्हें.
बालाजीला गाठलं. परभणीचा. दिवसा चाकणला कंपनीत, रात्री इथं. बायको सातव्या महिन्यात.
"ताई, आबाच म्हणले, पड जरा घंटाभर, मला तशीबी झोप नाही. आबाला बोलू नका."
आबांना झोप खरंच नाही. एकतीस वर्षं रात्रपाळी केली. रिटायर झाल्यापासून रात्रभर घरातल्या कड्या तपासत फिरायचे. दोन महिने ते थांबलं होतं. मला वाटलं, नव्या गोळीचा गुण.

७ नोव्हें.
सेक्रेटरी चहाला. "नाइट वॉचमन म्हणजे रात्रभर जागणारा. साधा अर्थ आहे."
आबा पेपरातून डोकं न काढता, "ज्याच्या भरवशावर दुसरे झोपत्यात, त्यो वॉचमन."
"मग बालाजी कुणाच्या भरवशावर झोपला?"
"झोपला व्हता? मला न्हाई ठाऊक."
जाताना सेक्रेटरी दारात मला म्हणाले, "आबांना सगळ्यांसमोर सांगू द्या, मशीन मीच मागून घेतलं, त्याला मीच झोपवलं. मग एक संधी देऊ."

८ नोव्हें., शनिवार
उद्या अकराला मीटिंग. मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी सारवासारव करते. आबांना विचारायचा दिवसभर धीर झाला नाही. लिहिण्यावर, शब्द जुळवण्यावर पोट आहे म्हणे माझं.
मंगळवारपासून आबांच्या हातातलं मशीन सुटलं, कड्या पुन्हा सुरू. आता हॉलची वाजली. मग गॅलरी. स्वयंपाकघराची शेवटची, तिथं जाऊन उभी राहते. न्हाई म्हणतील, माहीत आहे. मान वर न करता म्हणतील.
आबा, बालाजी झोपला होता, एवढं उद्या एकदाच सांगाल का?