धंदा टिकवणारे साहेब

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (कंबर अडकली आहे, तेव्हा वाकणं मनोमन झालं असं समजावं.) ताईचे गुडघे काय म्हणतात? तुमचं घोरणं कमी झालं का, ते मात्र तिलाच विचारीन.

इकडे आनंदीआनंद. माझा कुंड्या-मडक्यांचा धंदा टिकावा म्हणून मोठी माणसं काळजीत पडली आहेत. त्यांतले एक साहेब मंगळवारी घरी आले. छोटे धंदे का बुडतात, यावर त्यांचा दांडगा अभ्यास. (आमचा नुसता अनुभव.) हातात फॉर्म, प्रश्न बावीस. माती कुठून आणता? म्हटलं, तळ्याकाठून आणायचो. आता तिथे लोकांना वजन उतरवायला फिरायची वाट केलीय आणि ‘माती उचलू नये’ अशी पाटी ठोकलीय. भट्टी कधी लावता? समोरच्या इमारतीतल्या बाई परगावी जातील तेव्हा. त्यांना धुराचा त्रास होतो. (याच बाई कुंडी उचलतात, ‘हाताने केलीय ना, मग दुसरीसारखी का नाही?’ म्हणतात आणि परत ठेवतात.) पुढची पिढी? मुलगी शिकली, शहाणी झाली, बँकेत पंख्याखाली बसते.

हे ऐकून साहेबांना इतकं वाईट वाटलं की ते मटकन खाली बसले. नेमके फळीच्या टोकावर. फळी उलटली. तिच्यावर चाळीस कच्च्या कुंड्या वाळत होत्या. साहेब धडपडत उठू लागले, तशी बायको म्हणाली, “राहू द्या साहेब, बसा. मोडायचं काही उरलं नाही.”

ते गेल्यावर ती तुकडे गोळा करून पाण्यात भिजत घालत बसली. पंचवीस वर्षांत तिला इतकं गप्प पाहिलं नव्हतं, दाजी. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काल अहवाल आला. धंदा न टिकण्याचं मुख्य कारण : ‘कच्चा माल हाताळताना कारागिरांचा निष्काळजीपणा.’

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. : धंदा बंद करायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. अगदी पक्कं. समजूत घालू नये.

आणखी ता. क. : तुमच्या नव्या घराचा पाया खणताना चिकट माती निघाली आणि तुम्ही ती फेकायला निघालात, असं ताई फोनवर म्हणाली. एक ढेकूळ हलवाल तर याद राखा! रविवारी दोघं येतो. बायकोने पोती झटकून ठेवली आहेत, आणि आज सकाळी बोललीसुद्धा. म्हणाली, “टेम्पो मोठा सांगा.”