न पडलेला बर्फ

मंगळवार, ऑक्टोबर २००६
क्लेमेंटी, सिंगापूर

संध्याकाळी टोरांटोहून नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, "खिडकीबाहेर बर्फ पडतोय." कालच्या हवामान अंदाजात तसंच होतं, पाऊस आणि मग यंदा लवकरच बर्फ. फोन ठेवून सहज इंटरनेटवर पाहिलं. तिथे नुसता पाऊस. बर्फ पडलाच नाही.

म्हणजे कालचा अंदाज वाचून बोलत होता? मग हा आहे कुठे? परत फोन लावला नाही. रडूही येत नाही. इथे फुल फॅनखाली बसून घामाघूम झालेय नुसती.

सईला सांगून टाकलं, बाबांकडे बर्फ पडलाय. "आस्क हिम सेंड फोटो लाह!" ती तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

फोनवर मी नेहमीसारखं म्हटलं होतं, कानटोपी घाल.

"घातलीय," म्हणाला.