नवमीचा पाट

प्रिय आई,

आज अविधवा नवमी. तुझ्या नावाचं जेवण मी जेवले. की पाटावर तूच होतीस? दुपारपासून मला नीट सांगता येत नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले.

तू कुंकवानिशी गेलीस. वहिनी दरवर्षी आज एखादी सवाष्ण बोलावते, तुझ्या जागी बसवून जेवू घालते, ओटी भरते. मी त्यासाठी गेले नव्हते गं! दादा कामावर असताना वहिनीकडे चार पैसे मागायला गेले होते.

बाई म्हणून जगता यावं म्हणून मी स्टेशनकडच्या डॉक्टरीणबाईंचे उपचार घेतेय. ‘आमचा पोरगा मेला’ म्हणून अण्णांनी दार लावलं, तेव्हापासून चादरींच्या दशांना गाठी मारून भागवत आले. यंदा काम बसलं, उपचारही थांबले. डॉक्टरीणबाई बजावतात, मनाने दुकानातून गोळ्या घेऊ नकोस, आधी रक्त तपासू. पण कशाच्या जोरावर तपासून घेऊ? आणि दार लागलं तेव्हा तूही आत गप्पच होतीस ना?

आता मात्र येतेस. औषधांनी माझे गाल भरले, कातडी मऊ झाली, आणि एका सकाळी आरशात तू! कुंकवासाठी मी बोट उचललं, तर तुझं बोट आधी कपाळाला टेकलं. मी आरसा भिंतीकडे वळवून ठेवला. असं न सांगता येतात का कुणी?

आज अण्णा ओसरीवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता माणसाचा नुसता आकार दिसतो. कौलांवर कावळे होते, पण एकही ओरडत नव्हता. माझं हिरवं लुगडं दारात दिसलं आणि अण्णा उठून उभे राहिले.

“आलीस व्हय?”

“व्हय,” मी म्हणाले. आवाज तुझा होता. मी तो मुद्दाम काढला नव्हता, देवाशपथ!

“सूनबाई, पाट मांड. तुजी सासू दारात उभी हाय की.”

वहिनीने मला ओळखलं. बोलावलेली सवाष्ण अजून यायची होती, तरी तिने पाट मांडला. वाढताना कानाशी पुटपुटली, “गप जेवा, वन्सं.” नणंदेला म्हणतात तसं वन्सं! मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मग माझ्या हाताने पोळीची कड मोडून पानाबाहेर ठेवली, मुंग्यांसाठी. ही खोड तुझी. मला तर कडच आवडते. मी हात आवरायला गेले, तो आवरेना. वहिनीच्या हातातलं तूप सांडलं.

ओटी भरताना अण्णांनी आतून तुझी बोरमाळ आणली आणि चाचपडत माझ्या ओटीत टाकली.

“लई हाल झालं तुजं. आता औषधपाणी नीट कर.”

तू तर तापाने दोन दिवसांत गेलीस, औषधपाण्याला वेळच कुठे दिलास? तरी मला वाटलं, ते तुझ्याशीच बोलताहेत. एका म्हाताऱ्याला फसवून चालले, म्हणून मी मान खाली घालून निघाले.

“पायरी बघून उतर,” ते मागून म्हणाले. “हितंच हनुवटी फुटली हुती.”

आई, तू वळसंगहून या घरात सून होऊन आलीस. तुझी हनुवटी कधीच फुटली नाही. फुटली ती माझी, चालायला शिकताना. अण्णांनीच हळद दाबून धरली होती.

मी मागे वळले. त्यांनी तोंड फिरवलं होतं.

बोरमाळ समोर आहे. संध्याकाळ झाली तरी ती कोमट आहे. कुणाच्या गळ्यातली ऊब गं ही?

सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जाते. बोरमाळ गहाण ठेवीन, पण मोडणार नाही. ती सोडवून, गळ्यात घालून पुढच्या नवमीला तुझ्या पाटावर बसायला येईन. हा माझा शब्द. आता उठून आरसा सरळ करते. तू ये, मी भिणार नाही. फक्त माझ्यासाठी थोडी जागा ठेव.

तुझी लेक,
शालन