पुण्यात राहू की नको

६ एप्रिल
सतरावा मजला! लिफ्टमध्ये कान बंद झाले. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात सगळ्यांत उंच काय, तर पाण्याची टाकी. आज गॅलरीतून बघितलं — घरंच घरं. संपायचं नावच नाही. श्रेयांसला विचारलं, शहर संपतं कुठं? पोरगा म्हणतो, "मले बी नाई माहीत, आई."
महिनाभर राहून बघायचं आहे. हे गेल्यापासून दोन वर्षं कापडाचं दुकान एकटी चालवतेय. शेजारच्या किसनसिंगला ते हवंय. तीस तारखेला उत्तर देते म्हणून आलेय — मुलाकडे कायमची राहणार, की परत जाऊन शटर उघडणार.

९ एप्रिल
गेटवरचा वॉचमन भागवत आमच्या मालेगावजवळच्या मेडशीचा निघाला! लिफ्टमध्ये प्रत्येकाला गाव विचारते. एक रिसोडचे, दोन कारंज्याचे, एक वाशीमची डॉक्टरीण. म्हणजे आपला अर्धा जिल्हा इथंच! श्रेयांस वैतागला — "लिफ्टमधे कोनी कोनाशी बोलत नाई." सतरा मजले तोंडाला कुलूप? आपल्याला नाही जमणार. भागवत म्हणाला, "मावशी, चार वर्सांत मले गाव इचारनाऱ्या तुमीच पह्यल्या."

१३ एप्रिल
मेट्रो!! काय थंडगार, काय चकाचक. मालेगावाहून निघालेली एसटी वाशीमला पोचेल एवढा वेळ बसलो, तरी आपलं पुणंच. श्रेयांस आणि सूनबाई त्रिशला हसत होते. हसू देत. मी खिडकी सोडली नाही.

१६ एप्रिल
आज थोडा राग लिहिते. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमच्या जैन घरातला नियम. साडेसहाला मी एकटी बसते. ती दोघं नोकरीवरून येतात साडेआठला, तोवर मी खोलीत जपाला बसलेली. भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. सूनबाई वाशीमच्या चांगल्या घरातली, आणि पुण्यात येऊन नियम सोडला. बोलले नाही, पण मनातून उतरली.
एक गंमत — खाली दिवे लागले तरी सतराव्या मजल्यावरून सूर्य दिसतच असतो. मावळलेला धरायचा तो खालचा की वरचा? महाराजांना विचारायला पाहिजे.

२१ एप्रिल
चूक माझीच. त्रिशलाच्या पिशवीत दोन डबे सापडले.
"हा दुसरा कायचा?"
"सहा वाजताचा, आई. आफिसातच खातो मी. घरी आल्यावर यायले फक्त वाढतो."
"मंग काहून नाई सांगतलं?"
"तुमी इचारलंच नाई."
अख्ख्या बिल्डिंगला गाव विचारणारी मी, आणि घरातल्या सुनेला जेवलीस का म्हणून विचारलं नाही. फार लाज वाटली.

२३ एप्रिल
एकटी गेले! पिंपरीहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला उतरून दुसरी. एकदा उलट्या बाजूला चढले, पुढच्या स्टेशनावर उतरून परत आले. कोणालाही फोन केला नाही! सहाच्या आत त्रिशलाच्या ऑफिसखालच्या बागेत पोचले — पोळ्या, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी घेऊन.
ती पळतच खाली आली. पहिला घास हातात धरून बसली. म्हणाली, "आई, चार वर्सं झाली, या वेळेले माझ्यासंग कोनी जेवलं नाई."
तिथंच ठरवलं. पुण्यात राहायचं. अजून केवढं तरी शहर बघायचं राहिलंय.

२७ एप्रिल
ऑफिस असेल त्या दिवशी जाते. जेवताना त्रिशला दुकानाचंच खोदून खोदून विचारते — माल कुठून आणता, उधारी कशी वसूल करता. सिव्हिल कोर्टला आता मीच लोकांना जिना दाखवते!

३० एप्रिल
किसनसिंगला 'दुकान घे' सांगायला सकाळी फोन हातात घेतला. त्रिशलाने मनगट धरलं.
"आई, त्यायले देऊ नका. मले द्या. मी येतो मालेगावले."
श्रेयांस चहाचा कप घेऊन समोरच उभा होता. त्यालाही आत्ताच कळलं.