आयांसाठी उचललेली बाटली

कुताइसी, मंगळवार

तीर्थरूप ओनिसेकाका,

साष्टांग नमस्कार. एरवी हा शब्द हात सवयीने लिहून जातो. या खेपेला तो जमिनीला नाक लावून लिहिला आहे असं समजा. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा दमा? उतारावरच्या वेली छाटून झाल्या का, आणि झाल्या असतील तर शिडीवर तुम्ही चढला नव्हतात ना? (चढला असाल तर मला कळवू नका. काकू विचारतील आणि मला खोटं बोलावं लागेल, आणि त्या खात्यात सध्या मला जागा शिल्लक नाही.) इकडे सिदोनिया पाच महिन्यांची झाली, कुशीवर वळते आणि वळल्यावर आपण हे का केलं म्हणून रडते. नेस्तानची तब्येत चांगली आहे. माझीही चांगली आहे, आणि घडलेला प्रकार पाहता हीच मुळात लाजेची गोष्ट आहे.

काका, मला बोलायला तुम्ही शिकवलंत. मेजावरचा तामादा, प्रत्येक पेल्याआधी बोलून मेज चालवणारा माणूस, म्हणून पेला कसा धरायचा, कुणाच्या नावाने आधी आणि कुणाच्या नावाने नंतर प्यायचं, आवाज कुठे खाली आणायचा, हे सगळं मी तुमच्या मांडीला मांडी लावून शिकलो. त्या शिदोरीवरच मी शिक्षक संघटनेत उभा राहिलो, आणि गेल्या वर्षी थिएटरात तीनशे शिक्षकांसमोर बापांच्या रजेसाठी बोललो. बाप हा घरातला पाहुणा नव्हे, अर्ध्या रात्री त्याच्या आहेत, अर्धे लंगोट त्याचे आहेत, असं मी म्हणालो होतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसून डोळे पुसलेत. आमच्या शाळेने मला खरोखरच रजा दिली. त्या रजेचं मी काय केलं ते आता सांगतो, आणि ते अश्रू परत घ्यायची तुम्हाला मुभा आहे.

व्हिडिओ गेम म्हणजे काय, हे मी तुम्हाला नाताळात समजावत होतो, तेव्हा तुम्ही ‘म्हणजे पत्ते, पण पत्ते नाहीत’ असं म्हणून विषय संपवलात. तेवढं ज्ञान या पत्रापुरतं पुष्कळ आहे. आमच्या पत्त्यांत चार गडी लागतात आणि चौघांनी मिळून किल्ला घ्यायचा असतो. मी ढाल घेऊन पुढे चालतो (आणि चालता चालता बोलतो). रुसुदान, ती बातुमीची दातांची डॉक्टर, आमच्या जखमा बांधते. माझा वर्गमित्र माल्खाझ, जो हल्ली पोलंडमध्ये ट्रक चालवतो आणि रविवारी ट्रकच्या केबिनमधूनच खेळतो, तो कुऱ्हाडीने समोर येईल त्याला तोडतो. बऱ्याचदा समोर मी येतो. आणि चौथी नेस्तान, धनुर्धर. आमचं लग्न कसं जमलं हे मी तुम्हाला ‘एका मित्राच्या घरी’ असं सांगितलं होतं. खरं तर मी एका दलदलीत पालथा पडलो होतो, तीन राक्षस माझ्यावर वाकले होते, आणि कुठूनसे तीन बाण आले. मी आभाराचं भाषण सुरू केलं तर ती म्हणाली, आधी ऊठ. किल्ला पडला की आम्ही चौघं आपापल्या घरी आपापला पेला भरतो, आणि मी तामादा होतो. तीन ठिकाणी मांडलेलं एक मेज, काका. आपल्या माणसांना परदेशांनी विखरून टाकलं, पण मेज मोडता आलं नाही, असं मी नेहमी म्हणतो. (हे वाक्य मला अजूनही आवडतं. त्याचीही लाज वाटते.)

सिदोनिया झाल्यावर पंचाईत अशी झाली की या खेळाला मध्येच थांबवायची सोय नाही, आणि सिदोनियालाही नाही. म्हणून आम्ही ठरवलं, एक रविवार तिचा, एक माझा, दुपारी दोन ते चार. जो खेळत नसेल त्याने बाळ सांभाळायचं. कागद करून फ्रिजवर लावला. त्यावर सही माझी आहे, तीही नावाखाली रेघ मारून.

मग तिच्या वाट्याच्या एका रविवारी संघटनेची तातडीची ऑनलाइन बैठक निघाली. ती खरी होती. वीस मिनिटांत संपली. मी बैठक बंद केली, घड्याळ पाहिलं, शंभर मिनिटं शिल्लक. दाराबाहेर नेस्तान बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होती. मी बाहेर येऊन ‘झालं, बस तू’ एवढंच म्हणायला हवं होतं. ते तीन शब्द आहेत. मी आयुष्यात लाखो बोललो, ते तीन निघाले नाहीत. मी हेडफोन चढवले आणि ढाल उचलली. पुढच्या तिच्या रविवारी बैठक नव्हतीच, तरी मी घेतली. असे दोन रविवार मी तिचे खाल्ले.

आता बघा, एक खोटं घरात बोललं की दुसरं बाहेर लागतं. रुसुदानने विचारलं, नेस्तान कुठाय, आता तिची पाळी होती ना? मी म्हणालो की ती आता या सगळ्याच्या पलीकडे गेली आहे, मातृत्वाने तिला वेगळ्याच उंचीवर नेलं आहे. रुसुदान म्हणाली, ‘कुठल्या उंचीवर? बाळंत झालीय ती, संन्यास नाही घेतला.’ माल्खाझ मात्र गहिवरला. माणूस सहा दिवस ट्रकमध्ये एकटा असला की त्याला काहीही पटतं.

आता तो रविवार. त्याला तीन आठवडे झाले. मी जाहीर केलं की बैठक आहे. नेस्तान म्हणाली बरं, मग मी पडते, आदल्या रात्री पाच वेळा उठलेय. सिदोनिया छोट्या खोलीत झोपलीच आहे, तू तिथेच बैठकीला बस. पाळण्याजवळ तिने बाटली ठेवली. त्या बाटलीत तिचं स्वतःचं दूध होतं, सकाळी पाऊण तास बसून यंत्राने काढलेलं. (हे मी तुम्हाला लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. पण काका, सगळी गोष्ट त्या बाटलीतच आहे.) आणि मी किती प्रेमळ नवरा, मी बेबी मॉनिटरचा एक डबा पाळण्याला टांगला, दुसरा तिच्या उशाशी ठेवला आणि म्हणालो, निर्धास्त झोप, बाळाने हुं केलं तरी तुला ऐकू येईल. बाळाचं हुं ऐकू येतं तिथे तामादाचं काय होत असेल, हे मला सुचलं नाही. तत्त्वाच्या गोष्टी मला पटकन सुचतात, डब्याच्या नाही.

त्या दिवशी, दोन महिने अडलेला किल्ल्याचा दरवाजा आम्ही तिघांनीच फोडला. मग मेज मांडणं आलंच. पुस्तकांमागे मी तुमच्या रांजणातल्या पांढऱ्या वाइनचा एक पेला लपवून ठेवला होता. (माफ करा, तिला अशा ठिकाणी ठेवायला नको होतं.) पहिला घोट शांततेसाठी, दुसरा देशासाठी, तिसरा गेलेल्यांसाठी. सिदोनिया माझ्या आवाजात गाढ झोपते. तिच्या आधी संघटनेतले पुष्कळ जण झोपलेले आहेत. चौथ्याला मी उभा राहिलो, कारण चौथा आयांसाठी, आणि आयांसाठी बसून पीत नाहीत. त्या दिवशी मी फार चांगलं बोललो, काका. मी म्हणालो, आमच्यातली एक धनुर्धर आज या मेजावर नाही, तिने धनुष्य स्वतःच्या हाताने खाली ठेवलं, हसत ठेवलं, कारण तिच्या हातात आता त्याहून मोठं काही आहे. माल्खाझने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मी पेला उचलला. पेला रिकामा होता.

तुम्हीच मला घडवलंत, तेव्हा तुम्हीच सांगा, तामादाने काय करावं? पाण्याने आयांचं नाव घ्यावं? नाव घेऊन पेला खाली ठेवावा? मी खोलीत नजर फिरवली, मला एकच भरलेलं भांडं दिसलं. मी बूच फिरवून काढलं, हात छातीवर ठेवला, आणि रीतीप्रमाणे तळ दिसेपर्यंत प्यालो. गोड असतं ते.

बाळ उठलं. दार उघडलं. दारात नेस्तान, आणि तिच्या हातात तो मॉनिटरचा डबा. त्यातून माझं ‘हसत ठेवलं’पासून शेवटच्या घोटापर्यंत सगळं तिने ऐकलं होतं. तिने बाळाला उचललं, पाळण्याजवळ हात फिरवला.

‘दूध कुठाय?’

‘प्यालो.’

‘कुणी?’

‘मी.’

‘का?’

‘आयांसाठी,’ मी म्हणालो.

तेवढ्यात मला तामादाचा एकच पळमार्ग आठवला, अलावेर्दी, म्हणजे आपलं बोलणं दुसऱ्याच्या हाती सोपवायचं. मी माइकमध्ये म्हणालो, अलावेर्दी माल्खाझकडे, पुढचं तू बोल. पण माल्खाझ बोलेना. त्याने बाळ ऐकलं होतं, आणि बहुतेक ‘दूध कुठाय’ही ऐकलं होतं. नेस्तानने हात पुढे केला. मी हेडफोन तिच्या हातात दिले, तिने बाळ आणि रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि ती माझ्या खुर्चीत बसली. पलीकडचं मला नंतर रुसुदानकडून कळलं, अलीकडचं मी ऐकलं. ती म्हणाली, ‘मी नेस्तान. धनुष्य मी कुठेही ठेवलेलं नाही. दर रविवारी या माणसाची बैठक असते.’

‘वहिनी, तू?’ माल्खाझ म्हणाला म्हणे. ‘अगं, हा सांगत होता की गेमचं नाव काढलं तरी तू बाळाचे कान झाकतेस.’

‘आता त्याचे झाकते. पुढे कुठे जायचंय?’

रुसुदान म्हणे एवढंच बोलली, ‘मी फोन करायला हवा होता गं.’ आणि तिघं निघाली.

मी स्वयंपाकघरात. सिदोनिया असं रडत होती की थिएटरातल्या तीनशे लोकांनी ते ऐकायला हवं होतं. कपाटात पावडरच्या दुधाचा डबा होता. किती पाण्याला किती चमचे, हे मला माहीत नव्हतं. चार महिने रजेवर असलेल्या, रजेसाठी भांडलेल्या बापाला माहीत नव्हतं. मी दारातून हळूच विचारलं. ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, ‘डब्यावर लिहिलंय. वाचन दांडगं आहे ना तुझं?’

तेव्हापासून सगळे रविवार तिचे. तिने मागितले नाहीत. मी कागदावरचं माझं नाव खोडलं, तिने ते पाहिलं. ती माझ्याशी बोलते, पण फक्त लंगोट, औषध आणि भाज्यांबद्दल. परवा मी मनापासून माफी मागायला सुरुवात केली तर दुसऱ्या वाक्याला तिने हात वर केला. म्हणाली, ‘हे तू छान बोलतोस, मुर्मान. म्हणूनच नको.’ काका, माझ्याकडे दुसरं काही हत्यार नाही हो. मी तिला काही सांगायला जातो आणि माझाच आवाज मला त्या डब्यातून ऐकू येतो.

आठवड्यातले मधले दिवस सिदोनियाला छातीशी बांधून मी एक गेम एकट्याने खेळतो. त्यात एक होडी आहे, एक गळ आहे, बाकी पाणी. एकट्याने खेळणाऱ्यांवर मी पूर्वी जाहीर तोंडसुख घेतलेलं आहे, समाजापासून पळालेली माणसं वगैरे. आता ते शब्दही गिळतो. हा गेम कधीही थांबवता येतो. काल एका माशासाठी मी अकरा वेळा थांबलो: ढेकर, लंगोट, दूध (पाच चमचे, आता तोंडपाठ आहे), पुन्हा ढेकर. मासा तिथेच थांबून राहिला. त्यात मला कुणाशी बोलावं लागत नाही, आणि सिदोनिया पाण्याकडे बघत माझा अंगठा धरून झोपते. मी गप्प असतानाही ती झोपते हे मला नव्यानेच कळलं. मला बरं वाटतं. मग बरं वाटल्याबद्दल लाज वाटते आणि मी उठून भांडी घासतो.

असो. पुढच्या शनिवारी सिदोनियाचा बाप्तिस्मा आहे. चर्च आमच्या गल्लीतलंच, मेज आमच्या घरी, माणसं चाळीस. तामादा तुम्हीच व्हायचं, एवढी विनंती करायला हे पत्र. काकूंना आणा, गुडघ्याला पट्टा बांधून या.

तुमचा लेकरासारखा,
मुर्मान

ता. क. खरी विनंती ही नव्हती. तुम्ही तसेही येणारच होतात. चौथ्या पेल्याला सगळे माझ्याकडे बघतील आणि माझं नाव घेऊन मेज बडवतील. आयांच्या नावाने मुर्मान बोलला नाही तर कुताइसीत बाप्तिस्मा झाला असं कुणी मानणार नाही. काका, अलावेर्दी मला देऊ नका. कुणी कितीही ओरडलं तरी नको. ती नेस्तानला द्या. तिला जे बोलायचं असेल ते, तिच्या वडिलांसमोर, माझ्या मुख्याध्यापकांसमोर, सगळं. मी बाळ घेऊन उभा राहीन आणि ऐकेन. फक्त हे तुम्हालाच सुचलं असं दाखवा. मी सुचवलं म्हटलं की तिला त्यातही भाषण दिसेल.

ता. क. २ (अक्षर वेगळं आहे, कारण मी नेस्तान.) ओनिसेकाका, नमस्कार. पत्र मेजावर उघडं होतं, म्हणून वाचलं. अलावेर्दी दिलीत तर घेईन. मोठं नाही बोलणार. बाकी पत्र बरोबर आहे, एक सोडून. दोन रविवार नव्हते, सहा होते. कॅलेंडरवर मी खुणा केल्यात. त्याला म्हणावं, तुम्हाला तरी खरं लिही.

ता. क. ३ यावर मी पाऊण पान लिहिलं होतं. ते फाडलं. सहा होते.

मुर्मान