तटाखालचं गटार

रविवार, ३ मार्च
जेवणाचं टेबल पुन्हा गेलं! नात आणि तिचे चार टोळभैरव. टेबलभर कागद, त्यावर तिनं खेळासाठी काढलेलं शहर. दोन वर्षं काढतेय! शहर ती चालवते — राजा, चोर, पाववाला, सगळ्यांचं तीच बोलते. बाकीचे फासे टाकून ते जिंकायला बघतात. शहराला तट, आत शिरायला वाट नाही; दोन महिने बाहेरच बोंबलतायत. कायदा एकच — नकाशावर आलं ते खरं, मागे घ्यायचं नाही. नोकरीला लागलेले घोडे, आणि फासे!
मी ताट घेऊन ओट्याजवळ स्टुलावर जेवले.

मंगळवार, ५ मार्च
ती कामावर गेल्यावर नकाशा नीट बघितला. राजवाडा. सात बुरूज. जादूगारांची शाळा. खाटकांची आळी. चाळीस हजार माणूस म्हणे. आणि गटार? एक नाही! झाडूवालाही नाही! हगतात कुठे हे लोक?
संध्याकाळी विचारलं. "आजी, जादूचं शहर आहे ते."
म्हटलं, जादूगार काय पोटात धरून बसतो?
"तुला नाही कळायचं."
मला! एकोणतीस वर्षं पालिकेची गटारं उपसली मी. हिचा बाप त्यावर शिकला.

रविवार, १० मार्च
चहा देताना त्यांच्यातल्या चष्मेवाल्यानं विचारलं, "आजी, तुम्ही नोकरी करायचात ना? कुठे?"
मी तोंड उघडायच्या आत नात म्हणाली, "पालिकेत. ऑफिसात होती."
ऑफिसात!
दुसरा चहा केला नाही. मरा.

सोमवार, ११ मार्च
ती अंघोळीला गेली. निळं पेन घेतलं. खाटकांच्या आळीतून काढलं गटार — राजवाड्यामागून, तटाखालून, थेट नदीत. नदी खाली म्हणजे उतार तिकडेच. माणूस वाकून जाईल एवढं रुंद ठेवलं, नाहीतर साफ कोण कसं करणार? बाजूला तसं लिहूनही ठेवलं. घे ऑफिस!

रविवार, १७ मार्च
निळी रेघ लंबूला दिसली. "अगं, इथून तर आत जाता येतं!"
नात पांढरीफटक. हातानं झाकायला गेली तर सगळे ओरडले, "कायदा म्हणजे कायदा!"
वाकून वाकून शिरले मेले. दिवेलागणीपर्यंत राजा गेला, शाळा जळली. दोन वर्षांचं शहर, साफ!
सगळे गेल्यावर म्हणाली, "मुद्दाम केलंस."
म्हटलं, गटार माझं. चोर तुझे.
"पण का?"
"ऑफिसातल्या बाईला काय विचारतेस?"
खोलीत गेली. दार आपटलं.

बुधवार, २० मार्च
ती बोलत नाही. मीही नाही. टेबल अख्खं माझं. जेवण घशाखाली जात नाही — सुनेच्या हाताला चवच नाही.

रविवार, २४ मार्च
मी टेबलावर जेवत होते. चारही टोळभैरव हजर. नातीनं माझं ताट बाजूला सारलं, कोरा कागद पसरला, निळं पेन माझ्यापुढे आपटलं. त्यांना म्हणाली, "खोटं बोलले होते मी. आजी ऑफिसात नव्हती. एकोणतीस वर्षं गटारं साफ केलीत हिनं. आधी ही काढेल, मग आपण घरं बांधू."
मग मला, गुरकावूनच — "काढ आता!"
म्हटलं, आधी उतार कुठे ते सांग.