मला न आलेला मेसेज

ती. ताईस,

सख्ख्या बहिणीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि दाजींचा खोकला अजूनही त्यांच्या आधी दारात पोचतो का, ते कळव. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. फोन न करता पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. आधी सगळं वाच.

आमची धाकटी जाऊ तुला आठवत असेलच. (न आठवायला काय झालं? मागे आलीस तेव्हा तिच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघून 'शीक जरा हिच्याकडून' असं सगळ्यांदेखत तूच मला म्हणाली होतीस. मी विसरलेली नाही.) तर मंगळवारी सकाळी तिच्या फोनवर आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटचा मेसेज आला. वर दुकानाचं चिन्ह आणि खाली मजकूर, की तुम्ही आमच्या लाडक्या ग्राहक आहात, तीन प्रश्नांची उत्तरं द्या आणि बिनतेलाचं तळायचं यंत्र भेट मिळवा, फक्त दहा मिनिटं उरली आहेत. तिने तो मला दाखवला. पुढे ती काहीतरी सांगतही होती, पण मी 'लाडक्या ग्राहक' या दोन शब्दांपाशीच अडकले होते.

ताई, खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. त्या दुकानाचं ग्राहक-कार्ड मी अकरा वर्षं वापरते आहे. तिथल्या कोणत्या ढकलगाडीचं चाक कुरकुरतं, हे मला तोंडपाठ आहे. नासके टोमॅटो खाली आणि चांगले वर रचतात, हेसुद्धा त्यांना मीच चारचौघांत सुनावलं होतं. आणि ही कालची आलेली, महिन्यातून एकदा यादी घेऊन जाणार, यादीबाहेरची काडेपेटीसुद्धा न घेता परत येणार, आणि लाडकी ग्राहक ही! चपला झिजवायच्या मी आणि मिरवायचं हिने.

मी तडक दुकानात गेले. (भांडायला नाही, चौकशीला. आवाज थोडा चढला असेल.) कार्ड काउंटरवर आपटलं आणि मॅनेजरला विचारलं, की माझ्यात काय कमी आहे? बिलाची अख्खी रांग माझ्याकडे वळली. तो म्हणाला, "काकू, असा मेसेज आम्ही पाठवलेलाच नाही." (काकू! तेही गिळलं.) मग त्याने समजावलं. दुकानाचा मेसेज दुकानाच्या नावाने येतो, हा कुठल्यातरी साध्या मोबाइल नंबरवरून आला होता. असली घाई लबाडच करतात. आणि भेट द्यायला बँकेच्या कार्डाचा नंबर कोण मागतं? असं काही आलं तर लिंक दाबायची नाही, मेसेजचा स्क्रीनशॉट काढून दुकानाला आणि सायबर पोलिसांना कळवायचं आणि तो नंबर ब्लॉक करून टाकायचा. "तुमच्याच घरच्या एका ताईंनी सकाळी सगळ्यात आधी कळवलं," असंही तो म्हणाला. ती ताई आणि मी काकू, हे लक्षात आलं ना?

आता दुकानाच्या दारावर मोठी नोटीस लागली आहे, की एका जागरूक ग्राहकामुळे ही फसवणूक उघडकीस आली. वर तिला दुकानाकडून एक कापडी पिशवी मिळाली. ती पिशवी घेऊन बाई कचरा टाकायलासुद्धा खाली जाते. अकरा वर्षांत मला त्यांनी साधी प्लास्टिकची फुकट दिली नाही.

असो. माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही. दाजींना नमस्कार.

तुझी सख्खी बहीण

ता. क. वर 'तडक' लिहिलं आहे, ते फॉर्म भरून झाल्यावर, असं वाच. मेसेज मला आला नव्हता ना, म्हणून धाकटी अंघोळीला गेल्यावर तिच्या फोनवरची लिंक मी कागदावर उतरवून घेतली आणि माझ्या फोनवर एकेक अक्षर टाइप केली. चोराने बोलावलं नसताना मी आपल्या पायांनी त्याच्या दारात गेले. यांनी बँकेचं कार्ड वेळेत बंद केलं आणि माझा फोन तपासायला दिला. तर मुद्दा असा. शेवटी तो फॉर्म म्हणाला, पाच नातेवाइकांना हा मेसेज पाठवा. चांगली गोष्ट सासरच्यांना कशाला, म्हणून मी पाचही वेळा तुलाच पाठवला. ताई, तो दाबू नकोस! दाबला असशील तर आधी बँकेला फोन कर, रागाव नंतर. हे कामावर गेले आहेत आणि घरात फोन आहे तो फक्त धाकटीचा. 'वहिनी, घ्या ना' म्हणत ती तो मघापासून पुढे करते आहे. मी तिला सांगितलं, मला पत्र लिहायला आवडतं.

ता. क. २. पाकीट चिकटवताना धाकटी आत आली. तिनेच तुला फोन करून सगळं सांगितलं म्हणे. तू काही दाबलं नव्हतंस, आणि 'तू आहेस म्हणून आमचं ध्यान सुखरूप आहे' असं तिला म्हणालीस. तिने तुझ्या गुडघ्याचीही चौकशी केली म्हणे. ताई, गुडघ्याचं आधी मी विचारलं आहे. वर बघ, नमस्काराच्या लगेच खाली.